रेम्ब्रांटची धार्मिक मुद्राचित्रं : उजेड, अंधार आणि कोरा कागद

काजळरेघ

रंगचित्रात उजेड दाखवायचा तर चित्रकाराकडे पांढरा रंग असतो, पिवळा असतो. अंधार रंगवून झाल्यावरही वरून उजेड ठेवता येतो. तांब्याच्या पत्र्यावरून छापलेल्या चित्रात ही सोय नाही. तिथे उजेड म्हणजे कोरा राहिलेला कागद. कलावंताला फक्त काळं करता येतं, आणि कुठे काळं करायचं नाही हे ठरवता येतं. सतराव्या शतकातली डच धार्मिक मुद्राचित्रं बघताना एवढं ध्यानात ठेवलं, तर त्यांतला अंधार नुसतं नाट्य वाढवायला आणलेला वाटत नाही. प्रसंगात कोणाला काय दिसतंय आणि कोणाला दिसत नाहीये, ते तो अंधारच सांगतो. मला त्याबद्दल लिहायचंय, आणि इथे मुद्राचित्रण करणारे, बायबल जवळून वाचलेले सभासद आहेत त्यांच्याकडून ऐकायचंय.

आधी थोडी पार्श्वभूमी. १५६६ मध्ये नेदरलँड्समध्ये मूर्तिभंजनाची मोठी लाट आली. पुढे उत्तरेकडच्या प्रांतांत सुधारित (प्रोटेस्टंट) पंथाचं वर्चस्व झालं. चर्चमधल्या मूर्ती आणि वेदीवरची चित्रं गेली, भिंतींना पांढरा चुना लागला. चर्चकडून चित्रकारांना मिळणारं मोठं काम जवळपास थांबलं. बायबल मात्र घरोघरी वाचलं जात होतं. १६३७ मध्ये सरकारच्या आदेशाने झालेला डच अनुवाद छापून आला. अशा समाजात धार्मिक चित्र घरात शिरलं, आणि त्यासाठी मुद्राचित्रासारखं माध्यम नव्हतं. आकाराने लहान, वहीत नाहीतर बासनात ठेवायचं, टेबलावर काढायचं, हातभर अंतरावरून बघायचं. त्याच्यापुढे कोणी गुडघे टेकत नव्हतं. संतांच्या डोक्यामागचं सोनेरी वलय पूर्वी जे काम करायचं, ते आता उजेडाकडे आलं, असं मला वाटतं.

डच चित्रकार रेम्ब्रांटने (१६०६–१६६९) सुमारे ३०० एचिंग, म्हणजे ॲसिडने पत्रा खोदून छापलेली मुद्राचित्रं, केली आणि त्यांतला मोठा वाटा बायबलमधल्या प्रसंगांचा आहे. सर्वांत गाजलेलं, १६४८ च्या सुमाराचं, 'शंभर गिल्डरचं चित्र' म्हणून ओळखलं जातं (गिल्डर हे तिथलं नाणं). ते एकदा तेवढ्या किमतीला गेल्याचा उल्लेख १६५४ च्या एका पत्रात आहे. साधारण २८ बाय ३९ सेंटिमीटरच्या या कागदावर मत्तयकृत शुभवर्तमानाच्या १९ व्या अध्यायातल्या बऱ्याच घटना एकाच वेळी चालल्या आहेत. येशू आजाऱ्यांना बरं करतोय, आया लेकरं घेऊन पुढे येताहेत, त्याचा शिष्य पेत्र त्यातल्या एकीला मागे सारतोय, भारी कपड्यातला श्रीमंत तरुण हनुवटीला हात लावून विचारात बसलाय. उजवीकडे वेशीच्या कमानीत उंटसुद्धा आहे. श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नेढ्यातून जाणं सोपं, हा दाखला याच अध्यायातला.

आता उजेड बघा. डावीकडे वाद घालणाऱ्या शास्त्री-परूशांचा, म्हणजे यहुदी धर्मपंडितांचा, घोळका आहे. ते भरपूर उजेडात आहेत, इतक्या की त्यांच्या अंगावर जेमतेम बाह्यरेषा आहेत, छटा जवळजवळ नाहीच. उजवीकडून, दाट काळ्या कमानीतून, पांगळे, आंधळे, हातगाडीवर घातलेले रोगी येताहेत. अंधारातून येणाऱ्यांना येशू दिसतोय. लख्ख उजेडात उभे आहेत त्यांचं त्याच्याकडे लक्षही नाही. आणि मधोमध एक तपशील आहे, जो पहिल्यांदा दिसला तेव्हा मी बराच वेळ पुढे सरकू शकले नाही. गुडघे टेकून हात जोडलेल्या बाईच्या हातांची सावली येशूच्या झग्यावर पडली आहे. त्याच्या डोक्याभोवती किरण आहेत, तो स्वतः उजेड देतो, तरी त्याच्या कपड्यावर एका म्हातारीच्या हातांची सावली पडते. देव आणि देहधारी माणूस, दोन्ही एकाच जागी, शब्दाविना.

पण माझा खरा विषय 'तीन क्रूस' हा आहे. साल १६५३, आकार जवळपास ३८ बाय ४५ सेंटिमीटर, जवळजवळ संपूर्ण काम ड्रायपॉइंटचं, म्हणजे ॲसिडशिवाय, सुईने थेट तांबं ओरखडून केलेलं. मुद्राचित्रकार पत्र्यावर बदल करत करत छाप काढतो. प्रत्येक बदललेल्या टप्प्याला स्टेट म्हणतात. या चित्राचे पहिले तीन स्टेट एकमेकांच्या जवळ आहेत. वरून उजेडाचा शंकू उतरतो आणि मधल्या क्रुसावर पडतो. दुपारी अंधार पडला, शताधिपतीने, म्हणजे तिथल्या रोमन सैनिकांच्या अधिकाऱ्याने, देवाचं गौरव केलं, असं लूककृत शुभवर्तमानाच्या २३ व्या अध्यायात आहे. तो शताधिपती घोड्यावरून उतरून, हात पसरून, गुडघ्यांवर आहे. उजवीकडे येशूची आई मरिया, तिच्याभोवती शोक करणारी माणसं. खाली पुढच्या बाजूला दोघे जण घाईने निघून चाललेत.

चौथ्या स्टेटमध्ये हे चित्र ओळखू येत नाही. रेम्ब्रांटने कित्येक आकृत्या खरवडून काढल्या आणि वरून खाली जाणाऱ्या सरळ, आडदांड रेघांनी पत्रा भरून टाकला. येशूबरोबर क्रुसावर दिलेल्या दोन चोरांपैकी उजवीकडचा जवळजवळ बुडालाय. मरिया आणि तिच्या सोबतचे लोक अर्धेअधिक गडप. डावीकडे एक घोडा उधळलाय आणि शेजारी उंच टोपीचा एक घोडेस्वार निश्चल उभा आहे. ही आकृती त्याने पंधराव्या शतकातल्या पिसानेल्लोच्या पदकावरून घेतली. उजेडाचा शंकू आहे, पण आता तो आधार देत नाही.

माझं म्हणणं एवढंच की हा एकाच चित्राचा गडद छाप नाही. पहिल्या तीन स्टेटमध्ये शताधिपतीला उमगलेलं आपल्यालाही दिसतं. चौथ्यात आपण त्या गर्दीत उभे आहोत आणि आपल्याला काही दिसत नाही. तुम्हाला काय वाटतं?

तांबट

सुंदर लिहिलंय, ताई. मी स्वतः एचिंग करतो, म्हणून कामाच्या बाजूने भर घालतो.

एचिंगमध्ये पत्र्यावर मेण, राळ आणि डांबराचा पातळ थर देतात, त्यावर सुईने रेघ काढतात, मग पत्रा ॲसिडमध्ये. थर निघालेल्या जागी ॲसिड तांबं खातं. जितका जास्त वेळ, तितकी रेघ खोल आणि काळी. ड्रायपॉइंटमध्ये ॲसिड नाही. टोकदार सुईने थेट तांबं ओरखडायचं. नांगर चालताना तासाच्या कडेला माती उचलली जाते, तशी रेघेच्या कडेला तांब्याची कोर वर येते. तिला बर म्हणतात. शाई भरून पत्रा पुसला की रेघेत शाई राहतेच, शिवाय या कोरीलाही चिकटून राहते. छापलं की रेघेच्या बाजूने मऊ, मखमली काळोख पसरतो. 'तीन क्रूस'च्या सुरुवातीच्या छापांतला काळा रंग असा आहे. एचिंगच्या रेघेने तो येत नाही.

अडचण अशी की ही कोर नाजूक असते. प्रत्येक छापाला प्रेसच्या दाबाने ती थोडी चेपते. काही डझन छापांनंतर काळोख विरळ होतो, रेघा नुसत्या राखाडी, सुक्या दिसायला लागतात. तेव्हा चौथा स्टेट करताना पत्रा थकला होता, हेही एक कारण असणार. थकलेल्या पत्र्याची डागडुजी करणारे पुष्कळ असतात. त्यावर नवीन चित्र रचणारा विरळा.

दुसरं, कागद. रेम्ब्रांटने साधारण १६४७ पासून जपानी कागद वापरला. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांनी तो नागासाकीजवळच्या देशिमाहून येत असे. तो किंचित पिवळसर, गुळगुळीत, आणि शाई अलगद उचलणारा. शुभ्र युरोपीय कागदावर कोरी जागा टोचते, जपानी कागदावर तीच जागा उबदार दिसते. 'तीन क्रूस'च्या पहिल्या स्टेटचे काही छाप तर कातड्यावर, म्हणजे व्हेलमवर आहेत. त्यात शाई शोषली जात नाही, रेघा किंचित पसरतात. म्हणजे तुम्ही म्हणता तो 'कोरा कागद' हासुद्धा त्याने निवडलेला उजेड होता.

शंकेखोर

लेख आवडला, प्रतिसादही. पण एक वेगळी बाजू मांडतो.

आर्नोल्ड हाउब्राकेनने १७१८ मध्ये डच चित्रकारांची चरित्रं लिहायला घेतली, त्यात रेम्ब्रांटच्या ग्राहकांबद्दल लिहून ठेवलंय. त्या काळच्या हौशी मंडळींत, मुकुट असलेली जुनो (रोमन देवी) आणि नसलेली जुनो, गोऱ्या चेहऱ्याचा योसेफ आणि काळवंडलेल्या चेहऱ्याचा योसेफ, असे दोन्ही छाप आपल्याकडे असायलाच हवेत अशी चढाओढ होती. यातला योसेफ म्हणजे १६३८ चं, स्वप्न सांगणाऱ्या योसेफाचं एचिंग. म्हणजे धार्मिक विषय, आणि छटेतला एवढासा फरक, तरी विक्री दुप्पट.

त्यात १६३९ मध्ये त्याने १३,००० गिल्डरला घर घेतलं, ते पैसे फेडता फेडता १६५३ मध्ये त्याला कर्ज काढावं लागलं आणि १६५६ मध्ये दिवाळं निघालं. 'तीन क्रूस' नेमकं १६५३ चं. अशा माणसाला एका पत्र्यावरून दोन वेगळी चित्रं विकता आली तर ती हवीच असणार. अंधारात धर्म शोधायच्या आधी हिशेबाची वही बघायला हवी, असं मला वाटतं.

काजळरेघ

तांबट, खूप आभार. कातड्यावरच्या छापांचं तुम्ही सांगितल्यावर पुन्हा जाऊन बघितलं. रेघांच्या कडा खरोखर विरघळल्यासारख्या दिसतात.

शंकेखोर, तुमचा मुद्दा मला मान्य आहे आणि तो महत्त्वाचा आहे. तो विकण्यासाठीच छापत होता. पण ग्राहकाला वेगळा छाप हवा असेल तर योसेफाचा चेहरा गडद केला की भागतं. 'तीन क्रूस'मध्ये त्याने चांगल्या विकल्या जाणाऱ्या आकृत्याच पुसल्या. गिऱ्हाइकाला आवडेल असा शताधिपती अंधारात ढकलला. हा विक्रीचा सोपा मार्ग नव्हे.

याच्या जोडीला १६५५ चं 'लोकांपुढे उभा केलेला ख्रिस्त' बघा. एकूण आठ स्टेट. रचना लुकास फान लायडनच्या १५१० मधल्या चित्राला समोर ठेवून केलेली. सुरुवातीला रोमन सुभेदार पिलाताच्या चौथऱ्यापुढे माणसांची भली मोठी गर्दी आहे, हातवारे करणारी, एकमेकांशी बोलणारी. नंतरच्या स्टेटमध्ये ती सगळी गर्दी खरवडून टाकली आणि चौथऱ्याच्या भिंतीत दोन काळ्या कमानी काढल्या. गर्दीच्या जागी आता बघणारा आहे आणि त्याच्यासमोर दोन काळी भगदाडं. ही गर्दी काढायला किती मेहनत पडली असेल ते तांबट सांगतील.

तांबट

भरपूर. तांब्यातली खोल रेघ काढायची तर आधी तिथला भाग स्क्रेपरने खरवडायचा, मग बर्निशरने घासून घासून गुळगुळीत करायचा. तिथे खळगा पडतो, म्हणून कधी पत्रा उलटा करून मागून हलके ठोके देत ती जागा वर आणावी लागते. मोठ्या गर्दीएवढी जागा साफ करणं म्हणजे हाताची परीक्षा. इतकं करूनही जुन्या रेघांच्या खुणा थोड्याफार राहतात. चांगल्या छापात त्या शोधता येतात.

एक गोष्ट सुचवतो. 'कलावंताला फक्त काळं करता येतं' हे एचिंगला आणि ड्रायपॉइंटला लागू आहे. त्याच काळात, त्याच गावात, याच्या नेमकी उलटी पद्धत निघाली. लुडविग फॉन झीगेनने १६४२ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये पहिलं मेझोटिंट केलं. यात आधी सगळा पत्रा खरखरीत करतात, इतका की छापला तर पूर्ण काळा येईल. मग जिथे उजेड हवा तिथे घासून गुळगुळीत करायचं. अंधारातून उजेड उकरून काढायचा. रेम्ब्रांटने ही पद्धत वापरली नाही. त्याने रेघेवर रेघ चढवून अंधार रचला. त्याच्या गडद जागांजवळ भिंग धरलं की आडव्या, उभ्या, तिरक्या जाळ्या दिसतात आणि दोन रेघांच्या मध्ये अडकलेले कागदाचे बारीक बारीक ठिपके. म्हणून त्याचा काळा रंग सपाट होत नाही. मेझोटिंटचा काळा अतिशय देखणा असतो, पण तो आधीपासून सगळीकडे असतोच. रेम्ब्रांटचा काळा हाताने, एकेक रेघ करत वाढलेला आहे.

वसईची_पोरगी

सुरेख धागा. आमच्या घरी क्रुसावरून उतरवण्याचा प्रसंग दर उपवासकाळात ऐकलेला, म्हणून त्याबद्दल लिहिते.

१६५४ मधलं 'मशालीच्या उजेडात क्रुसावरून उतरवणं' बघा. बहुतेक चित्रकार या प्रसंगात क्रूस मधोमध उभा करतात. इथे क्रूस वरती डावीकडे, कागदाच्या कडेने कापलेला. मशाल पेटलीय, तिच्या उजेडात चादर आणि ख्रिस्ताचा देह. खाली पुढे तिरडीवर दुसरी चादर पसरून ठेवताहेत. या दोन पांढऱ्या जागांच्या मधे सगळं काळं. आणि त्या काळ्यातून एक हात वर आलाय, देह सावरायला. हात कोणाचा ते दिसत नाही, अंगही दिसत नाही. तळव्यावर उजेड आहे, बस.

मी हे चित्र बघितल्यावर अरिमथाईचा योसेफ आणि निकदेम, म्हणजे बायबलप्रमाणे येशूला पुरणारे दोघे, या नावांचा विचारच केला नाही. मदत करणारा कोणीतरी आहे, नाव नसलेला. मृत माणसाला उचलताना असाच कोणाचा तरी हात पुढे येतो.

काजळरेघ ताई, तुम्ही शताधिपतीला उमगलं असं म्हटलंत त्यावर थोडं. लूक लिहितो की सहाव्या तासापासून नवव्या तासापर्यंत अंधार होता, म्हणजे दुपारी बारा ते तीन. शताधिपती बोलतो ते येशूने प्राण सोडल्यावर. पहिल्या तीन स्टेटमध्ये तो क्षण आलाय. चौथा स्टेट मला त्याच्या आधीचा वाटतो, तीन तासांच्या आतला. अजून कोणालाच काही कळलेलं नाही. आम्ही गुड फ्रायडेला दुपारी चर्चमध्ये बसतो तेव्हा त्या तीन तासांत ईस्टरचं कोणी बोलत नाही. शनिवारी रात्री दिवे मालवून बाहेर अग्नी पेटवतात, त्यावरून मोठी मेणबत्ती लावून काळोख्या चर्चमध्ये आणतात, तोपर्यंत थांबायचं असतं. म्हणून चौथ्या स्टेटमधला उजेड आधार देत नाही हे मला पटलं, पण त्यात मला श्रद्धा कमी झालेली दिसत नाही. तो थांबण्याचा वेळ आहे.

काजळरेघ

वसईची_पोरगी, हे मला सुचलंच नव्हतं. दोन स्टेट म्हणजे दोन मतं, असं मी वाचत होते. तुम्ही म्हणता तसे ते एकाच दुपारचे दोन वेगळे तास असू शकतात. याने माझं वाचन बदललं.

हेगकर

थोडं मागे जाऊ या, कारण रात्रीचं धार्मिक चित्र रेम्ब्रांटने सुरू केलेलं नाही.

आडाम एल्सहायमर हा जर्मन चित्रकार रोममध्ये राहत असे. १६१० मध्ये, अगदी तरुण वयात गेला. तो तांब्याच्या छोट्या पत्र्यांवर रंगचित्रं काढायचा. उट्रेख्टचा हेन्ड्रिक खाउट (१५८३–१६४८) त्याच्याकडे रोममध्ये होता आणि त्याने एल्सहायमरच्या चित्रांवरून सात कोरीव मुद्राचित्रं केली. त्यातलं १६१३ चं 'इजिप्तकडे पलायन' (मरिया आणि तिचा नवरा योसेफ बाळ येशूला घेऊन पळतात तो प्रसंग) सगळ्यांनी बघावं. आकाशात चंद्र, पाण्यात त्याचं प्रतिबिंब, आकाशगंगा, मेंढपाळांनी पेटवलेला जाळ, आणि मधे योसेफाच्या हातातली चूड. एकाच रात्रीत वेगवेगळे उजेड, आणि प्रत्येकाची जात निराळी. हे सगळं ब्यूरिनने, म्हणजे कोरणीने, जवळजवळ समांतर रेघा दाट करत केलंय. खाउटच्या या छापांनी नेदरलँड्समध्ये रात्र छापायची कशी हे शिकवलं.

रेम्ब्रांटने रात्रीचं पहिलं मोठं मुद्राचित्र केलं १६३४ मध्ये, मेंढपाळांना देवदूताचं दर्शन. त्यात उजेड स्वर्ग फोडून कोसळतो, मेंढपाळ आणि जनावरं सैरावैरा पळतात. तरुण माणसाचं चित्र आहे, गडगडाटाचं. १६५१ मध्ये तोच माणूस 'इजिप्तकडे पलायन'ची रात्र करतो तेव्हा उजेड एवढासा, योसेफाच्या हातातल्या कंदिलापुरता. नंतरच्या स्टेटमध्ये तर आजूबाजूचं सगळं बुडतं. दोन्हींच्या मधे सतरा वर्षं आहेत. मला १६५१ चं जास्त जवळचं वाटतं. घर सोडून पळणाऱ्या कुटुंबाला स्वर्गातला उजेड परवडत नाही, कोणी बघेल.

आणखी एक विलक्षण पत्रा आहे. हर्क्युलिस सेगर्सने टोबियास आणि देवदूत यांचं चित्र केलं होतं, तेही एल्सहायमर-खाउटच्याच चित्रावरून. तो पत्रा रेम्ब्रांटकडे आला. १६५३ च्या सुमारास त्याने टोबियास आणि देवदूत खरवडले आणि त्या जागी मरिया, योसेफ, बाळ आणि गाढव आणलं. सेगर्सचा निसर्ग बराचसा तसाच ठेवला. देवदूताच्या मोठ्या पंखाच्या रेघा उजवीकडच्या झाडीत अजून सापडतात. तांबटांनी वर जुन्या रेघांच्या खुणांबद्दल लिहिलंय, त्याचं याहून मोठं उदाहरण नाही.

जाता जाता, १६५४ चं आणखी एक. त्या उन्हाळ्यात सुधारित चर्चच्या मंडळाने हेन्ड्रिक्ये स्टोफेल्सला बोलावून घेतलं. ती लग्नाशिवाय रेम्ब्रांटबरोबर राहते म्हणून तिला प्रभुभोजनातून वगळलं. मशालीचं चित्र, कबरेत ठेवण्याचं चित्र, अम्माऊसचं जेवण, ही सगळी त्याच सुमारची. यावरून निष्कर्ष काढायचा नाही, पण ज्या घरात ही चित्रं छापली जात होती तिथे धर्म हा रोजच्या जगण्यातला प्रश्न होता, एवढं तरी कळतं.

सांजसावली

मी नवी वाचक. मुंबईत बसून ही चित्रं नीट बघायची तर कुठे? आणि 'कबरेत ठेवण्याचं चित्र' म्हणजे कोणतं? शोधलं तर दोन एकदम वेगळी दिसली, एक रेघारेघांचं आणि एक जवळजवळ काळं.

हेगकर

ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमच्या संकेतस्थळावर मोठ्या आकाराच्या प्रतिमा मोफत उतरवून घेता येतात, आणि एकाच चित्राचे अनेक स्टेट तिथे आहेत. ब्रिटिश म्युझियमचा संग्रहही तसाच चाळता येतो. मोबाइलवर बघू नका. मोठ्या पडद्यावर, एकेक कोपरा वाढवून बघा. ॲमस्टरडॅमला येणं झालं तर रेम्ब्रांटच्या राहत्या घरात आता संग्रहालय आहे, तिथे एचिंग छापून दाखवतात.

तांबट

सांजसावली, तुम्हाला दिसलेली दोन्ही चित्रं एकाच पत्र्याची आहेत. 'कबरेत ठेवणं', साधारण १६५४, चार स्टेट. पहिल्यात मोकळ्या, समांतर रेघा, सगळं स्पष्ट दिसतं: देह खाली उतरवणारे, बाजूला मरिया, वर भिंतीच्या कट्ट्यावर कवट्या. दुसऱ्यापासून त्याने पत्रा रेघांनी भरला, आणि भुयाराचा अंधार दाटला.

पण त्यातही गंमत छपाईची आहे. पत्र्याला शाई लावल्यावर कापडाने पुसतात. पूर्ण स्वच्छ पुसला तर रेघा काळ्या, बाकी कागद पांढरा. हात आखडून पुसला तर पत्र्यावर शाईचा पातळ पडदा राहतो आणि कागदावर राखाडी झाक येते. रेम्ब्रांट हा पडदा चित्रागणिक, छापागणिक बदलायचा. 'कबरेत ठेवणं'च्या काही छापांत सगळीकडे शाई ठेवून फक्त ख्रिस्ताच्या अंगावरची आणि जवळच्या चेहऱ्यांवरची पुसली आहे. पुढचा छाप काढताना हे सगळं नव्याने करायचं. तेव्हा त्या चित्रातला उजेड पत्र्यात कोरलेला नाहीच. तो दर वेळी बोटाने आणि कापडाने आणलेला आहे. म्हणून या चित्राचे दोन छाप शेजारी ठेवले तर, स्टेट एकच असला तरी, वेळ वेगळी वाटते.

मोडीवाचक

आपल्याकडच्या वाचकांसाठी या विषयाला एक खरा धागा जोडलेला आहे, तो मांडतो.

१५८० मध्ये गोव्याहून जेझुइट पाद्र्यांचं पहिलं मंडळ फत्तेपूर सिक्रीला अकबराच्या दरबारी पोचलं. त्यांनी बादशहाला अँटवर्पला प्लांटिनच्या छापखान्यात छापलेलं बहुभाषी बायबल भेट दिलं. त्यात फ्लेमिश कोरीव चित्रं होती. ती आणि तशी इतर मुद्राचित्रं मुघल चित्रकारांनी बारकाईने अभ्यासली. लघुचित्रांच्या परंपरेत वस्तूची सावली जमिनीवर पडत नाही. उजेड सगळीकडे सारखा. या छापांवरून त्यांनी अंगाची गोलाई, कपड्याच्या चुण्यांमधली छटा उचलली. अबुल हसनने १६०० मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, ड्यूररच्या कोरीव चित्रातल्या योहानाची केलेली नक्कल ऑक्सफर्डला आहे. जहांगीर आणि शहाजहानच्या डोक्यामागे जे तेजोवलय दिसतं, तेही युरोपीय छापांच्या ओळखीनंतर रुळलं. डच लोक ज्या काळात वलयापासून दूर जात होते, त्याच काळात आग्र्यात ते बादशहाच्या डोक्यामागे आलं.

उलटा प्रवास पुढच्या पिढीत झाला. डच कंपनीच्या वखारी सुरतेला होत्या, आपल्या वेंगुर्ल्यालाही होती आणि तिचे अवशेष आजही उभे आहेत. मुघल लघुचित्रं ॲमस्टरडॅमला पोचली. कोणत्या बंदरातून ते सांगता येत नाही, पण रेम्ब्रांटने त्यांवरून वीसहून जास्त रेखाटनं केली, तीही जपानी कागदावर. त्यातल्या एकात झाडाखाली बसलेले चार वृद्ध आहेत. आणि १६५६ मध्ये त्याने 'अब्राहाम देवदूतांचं आतिथ्य करतो' हे एचिंग केलं, त्याची बैठक याच चित्रावरून आली आहे: पाहुणे टेबलावर नाहीत, जमिनीवर बसलेत, पुढ्यात खाणं, हातात पेले. मागे दाराआड अब्राहामची बायको सारा, बाजूला पाठमोरा त्याचा मुलगा इश्माएल धनुष्य ओढतोय. २०१८ मध्ये लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयाने रेम्ब्रांट आणि भारत याच विषयावर प्रदर्शन भरवलं होतं.

धाग्याच्या विषयाला धरून सांगायचं तर, या एचिंगमध्ये दाट अंधार नाही. मधल्या पाहुण्याची पांढरी दाढी, जमिनीवर पसरलेला उजेड, मोकळी हवा. १६५४ च्या काळ्या चित्रांनंतर दोन वर्षांनी हे आलंय. मुघल चित्रांच्या सारख्या उजेडाचा त्यात वाटा असावा, असं मला मनापासून वाटतं.

शंकेखोर

मोडीवाचक, ही माहिती मला पूर्ण नवी होती, मनापासून आभार.

बाजाराबद्दलचं माझं म्हणणं कायम आहे, पण 'कबरेत ठेवणं'बद्दल तांबटांनी लिहिलेलं वाचून एक गोष्ट मान्य करतो. दर छापाला वेगळं पुसत बसणारा माणूस वेळ वाचवत नव्हता. पैशाच्या घाईत असलेल्याने पत्रा स्वच्छ पुसून दिवसभर छाप काढले असते.

एक व्यावहारिक प्रश्न. लिलावाच्या संकेतस्थळांवर 'मूळ पत्र्यावरून छापलेलं रेम्ब्रांट' म्हणून परवडणाऱ्या किमतीत बरेच कागद दिसतात. या अंधाराचं जे वर्णन इथे आलंय ते त्यांत बघायला मिळेल का?

तांबट

क्वचित. पत्रे त्याच्या हयातीनंतरही वापरात होते. ॲमस्टरडॅमचा प्रकाशक क्लेमेंट द योंगे वारल्यावर १६७९ मध्ये त्याच्या मालमत्तेची यादी झाली, तिच्यात रेम्ब्रांटचे ७४ पत्रे आहेत. पुढे ते हातोहात फिरले, अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकातही छापले गेले. मूळ पत्रा हे खरं असतं, पण ड्रायपॉइंटची कोर केव्हाच चेपलेली, एचिंगच्या रेघा झिजलेल्या, काही ठिकाणी दुसऱ्या कोणी पुन्हा कोरलेल्या, आणि पत्रा लखलखीत पुसलेला. गडद जागी मऊपणा नसतो, रेघांची जाळी उघडी पडते. विकत घेण्याआधी संग्रहालयातल्या चांगल्या छापाची प्रतिमा शेजारी लावा आणि सगळ्यात काळ्या कोपऱ्यात बघा. चेहऱ्यांकडे नको, ते बऱ्यापैकी टिकतात.

शंभर गिल्डरच्या चित्राचं तर आणखी वेगळं झालं. १७७५ च्या सुमारास कॅप्टन विल्यम बेली नावाच्या इंग्रजी सैन्यातल्या हौशी मुद्राचित्रकाराने तो झिजलेला पत्रा घेतला, स्वतः कोरून दुरुस्त केला, सुमारे शंभर छाप काढले आणि मग पत्र्याचे चार तुकडे करून तुकडे वेगवेगळे छापले. त्या तुकड्यांचे छाप अजून बाजारात येतात. रोग्यांचा घोळका एका कागदावर आणि शास्त्री-परूशी दुसऱ्यावर असं बघायला मिळालं, तर ते बेलीचं आहे.